हलतं ते सामान

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे गॅसची टाकी हलवून बघितली.

सकाळी टाकीवाला आला. आमची सोसायटी तळवड्याच्या अंगाला, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट त्या दिवशी बंद. माणूस घामानं चिंब. टाकी दारात टेकवून त्यानं पैशासाठी हात पुढं केला. माझी बायको इंदू म्हणाली, "काटा कुठंय?"

"काटा खाली गाडीत हाय काकू."

"मग आणा की. मी कुठं पळून चाललेय?"

तो तीन मजले उतरला. तेवढ्यात ही मला म्हणाली, "धरा." मी टाकी तिरकी धरली, हिनं दोन्ही हातांनी हलवली आणि कान लावला. "हलकी वाटतेय." मी म्हणालो, "कान लावून वजन कळतं का गं?" तर म्हणे, "माणसाचं कळतं." काटा आला. वजन बरोबर भरलं. "आज बरोबर आहे," असं म्हणाली. आज या शब्दावर जोर. मग त्या माणसाला बसवलं, पाणी दिलं, बेसनाचा लाडू दिला. दोघांनी मिळून टाकी ओट्याखाली सरकवली. दुपारी जेवली, भांडी घासली, जरा पडते म्हणाली. उठली नाही.

डॉक्टर म्हणाला, हार्ट. असेल. इंदू असती तर दुसऱ्या डॉक्टरला विचारून आली असती.

तेराव्याला लोक आले. जो येईल तो म्हणायचा, फार साधी बाई होती हो. मी मान हलवत होतो. पण साधी नव्हती ती. सगळं आयुष्य तिनं एकाही माणसावर विश्वास ठेवला नाही, मला धरून. ते कुणी बोलत नव्हतं म्हणून मी लिहितो. मी चौथी शिकलेला, चाकणच्या कंपनीत प्रेसवर जन्म गेला. जसं येतं तसं लिहितो.

तिची एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की आधी हलवायची. नारळ सगळेच हलवतात. ही कांदे हलवायची. औषधाची बाटली, सुटकेस, देवळातली घंटा, दुकानातली खुर्ची. पोरीच्या लग्नात व्याह्यांनी समई दिली, ती भर मांडवात हलवून बघितली आणि म्हणाली, "पाय ढिला आहे." खरंच ढिला होता. व्याही वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत.

तसं तिचं नेहमी बरोबर यायचं असंही नाही. कासारवाडीला स्टेशनजवळ आम्ही भाड्याच्या खोलीत होतो. तिथं तिला वाटलं की शेजारीण मोटार लावून आमच्या नळाचं पाणी ओढते. महिनाभर ती त्या बाईच्या भिंतीला कान लावून बसायची. शेवटी प्लंबर आला, तर पाइप आमच्याच मोरीखाली फुटलेला. हिनं माफी मागितली नाही. वाटीभर खीर करून नेऊन दिली. आणि वाटी परत आली तेव्हा खिडकीशी उजेडात धरून बघितली, ओरखडा पडलाय का म्हणून.

मी एकदा चिडून विचारलं, "तुला कुणाचा भरवसाच नाही का गं?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "होता. वापरून संपला."

तो कुठं संपला ते मला माहीत होतं. तिचं माहेर आष्टी तालुक्यात. बाप गेला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात दोघं भाऊ जीप घेऊन कासारवाडीला आले. असे कधी येत नव्हते. येताना आंबे, वर हिच्यासाठी साडी, मोरपंखी, जरीच्या काठाची. म्हणाले, ताई, तालुक्याला चल, एक सही पाहिजे. आमच्याकडं ही रीतच आहे. बाप गेला की बहिणींनी जमिनीवरचा हक्क सोडायचा, भावांनी साडी नेसवायची, हॉटेलात जेवू घालायचं. कुणी त्याला वाईट म्हणत नाही. जी सोडत नाही तिला वाईट म्हणतात.

ही सातवी पास. माझ्यापेक्षा जास्त. कागद हातात घेऊन म्हणाली, जरा वाचते. थोरला भाऊ हसला आणि म्हणाला, "ताई, आमच्यावर विश्वास नाही का?"

तिनं न वाचता सही केली, अंगठा उठवला. नंतर कळलं की नुसती जमीन नव्हती. आई ज्या खोलीत राहत होती ती खोलीसुद्धा त्या कागदात होती. पुढं आई आजारी पडली तेव्हा ही महिनाभर राहायला गेली, तर भावजय म्हणाली, "पाहुण्या किती दिवस आहेत?"

त्या दिवसापासून कुणी विश्वास नाही का असं म्हटलं की इंदूचं उत्तर ठरलेलं. "नाही." मोठ्यानं नाही, रागानं नाही. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं. बँकेतल्या साहेबाला म्हणाली, पोराच्या सासऱ्याला म्हणाली, कीर्तनकार बुवांनासुद्धा म्हणाली. साडी तिनं नेसली नाही आणि टाकलीही नाही. ट्रंकेत तळाशी ठेवली. कुणी काही भेट आणली की विचारायची, "कितीची? आणि कशासाठी?"

मी रिटायर झालो आणि फंडाचे पैसे आले तेव्हा आम्ही घर घ्यायचं काढलं. आयुष्यातलं पहिलं. म्हातारपणी पहिलं घर घेणारे आम्हीच, असं एजंट म्हणाला. एजंट म्हणजे दत्ताभाऊ, तिथल्याच जुन्या गावातला. स्वतःची शेतं बिल्डरला देऊन आता दुसऱ्यांची घरं विकायचा. गळ्यात चेन, पायात साधी चप्पल. त्यानं हे तळवड्याचं घर दाखवलं. आयटीतलं एक जोडपं परदेशी निघालेलं, घर फर्निचरसकट द्यायचं होतं. सोफा, पलंग, फ्रिज, टीव्ही, कपाटं, किचनच्या ट्रॉल्या, सगळं.

मॅडम म्हणाल्या, "काकू, काही म्हणजे काही आणायला नको. फक्त राहायला या."

मला तिथंच आवडलं. इंदू मात्र आत शिरली आणि हलवायला लागली. सोफा हलवला. पलंग हलवला. फ्रिज हलवला, आतल्या बाटल्या वाजल्या. भिंतीतलं कपाट हलवलं, हललं नाही. ट्रॉल्यांचा सांगाडा हललाच नाही. टीव्हीखालचं लाकडी काम हललं नाही. साहेब दारात उभे राहून बघत होते. मला इतकी लाज वाटली की मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

खाली आल्यावर दत्ताभाऊ म्हणाला, "काका, आता स्टॅम्प ड्युटीचं ऐका. घराच्या किमतीवर शेकडा सात भरावं लागतंय."

इंदूनं विचारलं, "आमचं पहिलंच घर आहे. त्याची काही सूट?"

"पह्यल्या घराची न्हाई काकू. बाईच्या नावाची हाय. एकट्या बाईच्या नावावर घेतलं की शेकडा सहा."

मी खूश झालो. ही थांबली. "बाईला सूट? कोण देतंय?"

"सरकार."

"आणि परत काय मागतंय?"

दत्ताभाऊ हसला. मग हळू आवाजात खरी गोष्ट काढली. सरकारचा त्या भागातला दर असतो, त्याच्या खाली घराची किंमत दाखवता येत नाही. पण खरा सौदा त्याच्या वर चालला होता. वरचा आकडा फर्निचर म्हणून वेगळ्या कागदावर दाखवायचा. सामानाला ही ड्युटी लागत नाही. "कपाटं, ट्रॉल्या, टीव्हीचं काम, सगळं सामानात घालू. चांगली घसघशीत किंमत लावू. सगळेच करत्यात."

"कपाटं भिंतीला ठोकलेली आहेत," इंदू म्हणाली.

"कागदाला काय दिसतंय काकू?"

"मला दिसतंय. हललं ते सामान. हललं नाही ते घर. घराचं घरात लिहा, सामानाचं सामानात."

"अवो काकू, तुमचंच पैसं वाचत्यात. आमी काय तुमचं नुसकान करू व्हय? आमच्यावर इस्वास न्हाई का?"

मी डोळे मिटले.

"नाही," इंदू म्हणाली.

मग बसस्टॉपवर माझं आणि तिचं चांगलंच वाजलं. मी म्हणालो, तुला अक्कल नाही, वाचलेल्या पैशात धुण्याचं मशीन आलं असतं. ती म्हणाली, "कपाटं त्यांचं सामान म्हणून लिहायची. उद्या ते म्हणाले आमचं सामान नेतो, तर भिंत फोडून देणार का?" मी म्हणालो, ते परदेशी चाललेत, कपाट विमानात घालून नेणार का? ती बस येतेय का बघायला लागली. मला वाटलं जिंकलो. बस आली, चढलो, आणि चिंचवड आल्यावर ती खिडकीकडं बघत म्हणाली, "खोट्या कागदावर माझी एक सही आहे. दुसरी करणार नाही."

पण एक विचारायचंच राहिलं होतं. "तुझ्या एकटीच्या नावावर घेऊ. एक टक्का वाचतो, तो तरी वाचवू."

"आणि मग?"

"मग काय? घर तुझं."

"आज घ्यायची सही घ्याल, उद्या सोडायची सही घ्याल."

"कोण, मी? माझ्यावरपण संशय?"

"तुमच्यावर आधी. तुम्हाला नाही म्हणायला मला जड जातं."

असं बोलणं होतं तिचं. शिवी आहे की माया, लवकर कळायचं नाही. घर तिच्या एकटीच्या नावावर करायला ती शेवटी तयार झाली, पण मला देवासमोर नेऊन बोलवून घेतलं की मी कधी सही मागणार नाही. आणि बोलताना माझा हात धरून जरासा हलवून बघितला. खोटं सांगत नाही.

मग ती जुन्या सामानाच्या दुकानांतून फिरली. वापरलेला सोफा कितीला जातो, फ्रिज कितीला, पलंग कितीला, विचारून आली. सोफा, पलंग, फ्रिज, टीव्ही एवढंच वेगळ्या कागदावर, त्या भावानं. बाकी सगळं घरात, आणि त्यावर पूर्ण ड्युटी. साहेबांना आश्चर्य वाटलं. दत्ताभाऊ म्हणाला, "काका, सरकारला देणगी देनारं पह्यलंच गिऱ्हाईक बघितलं."

रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात ही गर्दी. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पंखा, कोपऱ्यात कॅमेरा. वकील म्हणाला, मावशी, इथं इथं सह्या करा. इंदू म्हणाली, वाचते. वकील म्हणाला, सगळे कागद सारखेच असतात. इंदू म्हणाली, माणसं पण. आणि पायरीवर बसून पहिल्या पानापासून ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली. आमचा नंबर गेला. पुन्हा लावला. सुट्टी टाकून आलेले साहेब घड्याळ बघत होते, मॅडम मोबाइल बघत होत्या. ही पानामागून पान वाचतेय. एकसुद्धा चूक निघाली नाही. तिचा चेहरा उतरला. मला वाटतं तिला थोडं वाईटच वाटलं.

मग सही केली. अक्षरं एकेक, शाळेतल्या पाटीवर काढल्यासारखी. अंगठा मशीनवर ठेवला तर उठेना. जन्मभर भांडी घासून रेषा गेलेल्या. ऑपरेटर म्हणाला, "मावशी, जरा पुसून ठेवा." पदराला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा पुसला. कधीतरी एकदाचा उठला. बाहेर आल्यावर ती अंगठा बघत राहिली. "त्या वेळी पहिल्या झटक्यात उठला होता," एवढंच म्हणाली.

खरं सांगायचं तर आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकानं दत्ताभाऊच्या सांगण्याप्रमाणं सगळं सामानात घातलं. त्याला काही झालं नाही. मी हिला टोमणा मारायचो, बघ, काही झालं का? ती म्हणायची, "अजून तरी नाही." त्या माणसाला बिल्डिंगच्या जिन्यात भेटली की सहानुभूतीनं बघायची.

नव्या घरातसुद्धा तिनं त्या सोफ्यावर वर्षभर बूड टेकवलं नाही. परक्याचा सोफा, आत काय असेल सांगता येत नाही. मग एक दिवस ट्रंक उघडून ती मोरपंखी साडी काढली आणि मधोमध कापली. सोफ्याला खोळ शिवली. दोघं भाऊ घर बघायला आले तेव्हा त्यांना बरोबर तिथंच बसवलं. थोरला भाऊ काठावरून हात फिरवत म्हणाला, "कापड भारी आहे ताई, कुठून घेतलं?" इंदू म्हणाली, "गावाकडून आलंय." आणि चहा आणायला आत गेली. मी बघितलं, ओट्यापाशी उभी राहून ती हसत होती. असं हसताना मी तिला फार वेळा बघितलेलं नाही.

दाराला पाटी लावली. तिच्या नावाची, एकटीची. मी म्हणालो, माझं नाव? "तुम्ही राहता इथं. सगळ्यांना माहीत आहे." पाटी चिकटपट्टीवर लावलेली, येता-जाता ती हलवून बघायची आणि मला म्हणायची, "हलतेय. ड्रिल मारून घट्ट करा कधीतरी." मी म्हणायचो, करतो. कंपनीत जन्मभर मशिनं घट्ट केली. पाटी राहिली.

आता तेराव्याचं. पाहुणे गेले. घरात आम्हीच उरलो. मी, पोरगा महेश, त्याची बायको, आणि पोरगी वंदना. महेश सांगवीला राहतो, त्याचं स्वतःचं घर आहे, हप्ते चालू आहेत. वंदना चाकणला. तिचा नवरा कंपनीची बस चालवतो, ते भाड्यानं राहतात.

महेशनं खुर्ची जवळ ओढली. "बाबा, घर आईच्या एकटीच्या नावावर आहे. आता तुम्ही, मी आणि वंदना, तिघं वारस. उगीच तीन नावं कशाला? वंदना हक्क सोडून देईल. भावाबहिणीत स्टॅम्प नावालाच लागतो. मग हे आणि माझं विकून एक मोठं घेऊ. तुम्ही आमच्याकडंच."

वंदना आईच्या फोटोसमोरचा दिवा नीट करत होती. वळून म्हणाली, "कुठं सही करायची सांग दादा." इतकं सहज. मीठ दे म्हटल्यावर मीठ द्यावं तसं.

सुनेनं पिशवीतून साडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. "ताई, तुमच्यासाठी. दुखवट्याची म्हणून नाही, अशीच."

वंदना सोफ्यावर बसली होती. खाली आईची साडी, मांडीवर नवी.

पोरगा वाईट नाही माझा. इंदूचे भाऊ पण वाईट नव्हते. रीत होती, त्यांनी केली. मी तिथं बसल्या बसल्या हिशेब केला तो एवढाच. घर घेताना सरकारनं केवढं घेतलं, आणि सोडताना नावाला. घ्यायला जड, सोडायला स्वस्त. इंदूनं विचारलं असतं, एवढं स्वस्त कोण देतंय? आणि परत काय मागतंय?

मी म्हणालो, "साडी कितीची?"

सून गोंधळली. "बाबा?"

"कितीची? आणि कशासाठी?"

महेश म्हणाला, "बाबा, आईसारखं नका करू आता."

"तिघांची नावं लागतील. वंदनाचं पण. कुणी काही सोडायचं नाही."

वंदना म्हणाली, "अहो बाबा, मला काही नकोय. दादाचंच आहे सगळं."

"तुला विचारलं नाही मी. तुझ्या आईनं पण अशीच सही केली होती."

महेशनं खुर्ची आणखी जवळ ओढली. त्याचे डोळे लाल झालेले, रडूनच. मग त्यानं मला असं विचारलं की माझ्या अंगावर काटा आला, कारण शब्द तेच होते आणि हसणं पण थोडं मामासारखं. "बाबा, माझ्यावर विश्वास नाही का?"

मला नाही म्हणायला जड जातं. तिलाही जड जायचं, माझ्यापुरतं तरी.

"नाही," मी म्हणालो.

महेश उठून गॅलरीत गेला. सून पिशवी आवरायला लागली. वंदनानं मांडीवरची साडी तिच्या हातात परत दिली आणि माझ्याकडं बघत राहिली, नवा माणूस बघावा तसं. सगळे जेवायला बसलो. महेशनं माझ्या ताटात भात वाढला, न विचारता. मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपलेले होते. मी शेजाऱ्याकडून ड्रिल मागून आणलं. आवाजानं वंदना दारात आली. काही न विचारता तिनं पाटी धरली. मी चार भोकं पाडली, गिट्ट्या ठोकल्या, चार स्क्रू आवळले.

मग दोन्ही हातांनी पाटी हलवून बघितली.

हलली नाही.